गर्भिणीचे ताट आणि रक्तातील साखर

बंगळूरच्या बसवनगुडी भागातील एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. विजापूरच्या फौजेने १६३८ साली हे शहर घेतले व पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले, तेव्हापासून येथे मराठी माणसांची वस्ती आहे. नोकरीनिमित्त अलीकडे येऊन स्थायिक झालेली कुटुंबे तर पुष्कळच. अशा एका घरातील सुनेला सहावा महिना सरत आलेला आहे. रुग्णालयात तिला ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासले आणि साखर १५८ भरली. त्या दिवसापासून घरातील वातावरण पालटते. सूनबाई भात सोडते, पोळी सोडते, काकडी आणि ताक ह्यांवर दिवस काढू लागते. सासूबाईंना वाटते की पोटातले मूल उपाशी राहील. "अगं, आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत? दोन जिवांचं खायला हवं," असे म्हणून त्या तिच्या पानात आणखी एक डाव भात वाढतात. नवऱ्याची चिंता निराळीच: एकदा सुई टोचून घ्यायची पाळी आली म्हणजे ती जन्माची मागे लागेल, असे त्याच्या मनाने घेतले आहे. तिघांचेही अंतःकरण निर्मळ आहे. समजूत मात्र तिघांचीही अपुरी आहे, आणि तिचा भार जिच्यावर पडतो ती एकटी सून होय.

वाचक भगिनींपैकी पुष्कळांच्या घरी असाच प्रसंग आला असेल किंवा पुढे येईल. म्हणून ह्या वेळी गर्भावस्थेतील मधुमेहाविषयी, आणि विशेषतः त्यात ताटात काय असावे ह्याविषयी, थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

हा मधुमेह होतो कसा, हे प्रथम समजून घ्यावे. आपण जे पिष्टमय अन्न खातो त्याची शेवटी ग्लुकोज नावाची साखर होऊन ती रक्तात उतरते. तिला रक्तातून पेशींत नेण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. गर्भ वाढू लागला म्हणजे त्याला पोसणारी वार काही संप्रेरके निर्माण करते, आणि त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचे काम मंदावते. ही निसर्गाची योजनाच आहे. आईच्या रक्तात साखर थोडी अधिक वेळ रेंगाळली तर बाळाच्या वाट्याला ती येते. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड ह्यावर उपाय म्हणून अधिक इन्सुलिन पाझरवते आणि तोल सांभाळला जातो. ज्यांच्या स्वादुपिंडाला हा वाढीव भार पेलत नाही त्यांच्या रक्तातील साखर मर्यादेबाहेर जाते. वार मोठी होत जाते तसतसा हा अडथळाही वाढतो. म्हणूनच पाचव्या महिन्यापर्यंत निर्दोष असलेली तपासणी सातव्या महिन्यात बिघडलेली दिसू शकते. सुनेने काही कुपथ्य केले म्हणून हे झाले, असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्या घरांत आईवडिलांना मधुमेह आहे, जेथे गर्भधारणेपूर्वीच वजन अधिक होते, जेथे वय तिशीच्या पुढे आहे, तेथे संभव अधिक एवढे खरे. परंतु ह्यांपैकी एकही गोष्ट नसताना हा विकार झालेल्या स्त्रिया काही थोड्या नाहीत.

बाळावर ह्याचा परिणाम कसा होतो? साखर वारेतून पलीकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. तेव्हा आलेल्या जादा साखरेची वासलात लावण्यासाठी बाळाचे इवलेसे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन तयार करू लागते आणि त्या योगे बाळाच्या अंगावर चरबी चढते. कोपनहेगनचे डॉ. पेडरसन ह्यांनी १९५० च्या दशकात ही उपपत्ती मांडली आणि तिचा गाभा आजही मान्य आहे. असे बाळ मोठे झाले की प्रसूतीच्या वेळी खांदे अडकण्याची भीती असते. शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव वाढतो. जन्मल्यावर नाळ तुटताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे वाढलेले इन्सुलिन लगेच कमी होत नाही, आणि पहिल्या काही तासांत त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते. आईच्या बाजूने पाहता रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. हे सारे टाळता येण्याजोगे आहे, म्हणून तर इतके सांगायचे.

येथे एक गोष्ट आपल्या देशापुरती सांगितली पाहिजे. 'आमचे बाळ तर अडीच किलोचेच होते, मोठे कोठे होते?' असे म्हणणाऱ्या आजीबाई आपल्याकडे पुष्कळ भेटतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भिणींचा मोठा चिकाटीचा अभ्यास केला. तेथील बालके जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलो भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके साडेतीन किलोंच्या आसपास. परंतु मोजमापे घेतली तेव्हा असे दिसले की आपल्या बालकांचे स्नायू व अवयव जितके लहान, तितकी त्यांची कातडीखालची चरबी कमी नाही. दिसण्यात बारीक आणि आतून चरबीचे, असे हे आपले भारतीय बाळ. त्यामुळे काट्यावरचे वजन कमी आहे एवढ्यावरून निर्धास्त होता येत नाही. बंगळूरच्या शेजारी म्हैसूर येथे होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ च्या सुमारास नोंदलेल्या गर्भिणींपैकी सुमारे ६ टक्के स्त्रियांना हा मधुमेह आढळला होता. त्यांची मुले नऊ-साडेनऊ वर्षांची झाली तेव्हा इतर मुलांच्या मानाने त्यांच्या अंगी चरबी अधिक आणि इन्सुलिनचे कार्य मंद असल्याचे दिसून आले. खुद्द बंगळुरात २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या गर्भिणींची नोंद करून, आईच्या रक्तातील साखरेचा मुलाच्या पुढील वाढीशी काय संबंध आहे, हे पाहणारा 'मास्थी' नावाचा अभ्यास सुरू झाला. सारांश, दोन-तीन महिन्यांचे हे पथ्य एका बाळंतपणापुरते नसून त्या मुलाच्या तारुण्यापर्यंत त्याची फळे पोचतात.

तपासणीची पद्धत आता आपल्या देशात फार सोपी झाली आहे आणि तिचे श्रेय बव्हंशी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या ह्यांना जाते. त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, हा ह्या विकाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. पूर्वी ह्या तपासणीसाठी उपाशीपोटी बोलावीत. खेड्यातून दोन बसगाड्या बदलून येणाऱ्या, मळमळणाऱ्या गर्भिणीला ते जमत नसे आणि ती परत येतच नसे. आता उपाशी असो वा जेवलेली असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर शंभर मिलिलिटर रक्तद्रवात १४० मिलिग्रॅम किंवा अधिक भरली तर गर्भावस्थेतील मधुमेह समजावा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. अर्ध्या तासानंतर झाली तर तशीच पुढे चालू ठेवावी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनानुसार ही तपासणी दोनदा व्हावयास हवी: एकदा पहिल्या भेटीतच आणि पहिली निर्दोष आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. दुसरी तपासणी चुकवू नये. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते, तिचाही लाभ घ्यावा.

आकडा वाढलेला आला म्हणजे डॉक्टर बहुधा प्रथम दोन आठवडे आहार आणि चालणे ह्यांवर ठेवून पाहतात. हे दोन आठवडे फार मोलाचे. बहुसंख्य स्त्रियांची साखर एवढ्यानेच आटोक्यात येते, आणि नेमक्या ह्याच दोन आठवड्यांत वर सांगितलेल्या सुनेसारख्या भगिनी उपासमार करून घेतात. आकडा खाली आणण्याचा तो सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग होय. अन्न मिळाले नाही म्हणजे शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ल द्रव्ये वाढतात आणि ती बाळाला हितावह नाहीत. ग्लुकोमीटर साखर दाखवितो, भूक दाखवीत नाही! गर्भिणीच्या दिवसभराच्या आहारात पिष्टमय अंश निदान १७५ ग्रॅम असावा असे आहारतज्ज्ञ सांगतात. भात-पोळी बंद करून एवढा अंश मिळणे कठीणच.

सासूबाईंचे 'दोन जिवांचे' हे म्हणणेही तपासून पाहू. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या शिफारशीप्रमाणे गर्भिणीला रोजच्या आहारापेक्षा सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे दोन लहान पोळ्या आणि त्यांसोबत एक वाटी घट्ट वरण, एवढेच. दुसरा जीव आहे खरा, पण तो चिमुकला आहे. त्याला भातापेक्षा प्रथिने, लोह आणि चुना ह्यांची निकड अधिक असते.

तेव्हा प्रश्न किती खावे ह्यापेक्षा कसे वाटून खावे हा आहे. एकाच वेळी भरपेट भात खाल्ला तर साखरेची लाट उसळते. तोच भात दोन वेळांत विभागला, सोबत डाळ-भाजी ठेवली, तर ती लाट ओहोटीसारखी पसरते. तीन जेवणे आणि त्यांच्या मध्ये तीन लहान खाणी, असा क्रम ठेवावा. एकदाचे जेवण बुडाले म्हणून दुसऱ्या वेळी भरपाई करू नये.

सर्वांत अवघड वेळ सकाळची. पहाटेच्या सुमारास शरीरातील काही संप्रेरके चढलेली असतात आणि इन्सुलिन अधिकच दुबळे पडते. जे दुपारी पचते तेच सकाळी साखर वाढवते. आणि बंगळूरची सकाळ म्हणजे काय? इडली, दोसा, उप्पिट्टू, खारा भात! उपाहारगृहांत 'चौ चौ भात' म्हणून जो पदार्थ मिळतो त्यात एका बाजूला तिखट रवा आणि दुसऱ्या बाजूला साखर-तुपातला गोड रवा असतो. नाव दोन पदार्थांचे, धान्य एकच. त्यावर साखर घातलेली कॉफी. ह्या न्याहारीनंतर दोन तासांनी रक्त तपासले तर आकडा पाहून छाती दडपावी. न्याहारी लहान ठेवावी आणि तीत प्रथिने असावीत. मध्यम आकाराच्या एका इडलीत साधारण १० ते १२ ग्रॅम पिष्टमय अंश असतो; चार-पाच इडल्या चटणीशी खाण्याऐवजी दोन इडल्या आणि वाटीभर दाट सांबार, त्यात डाळ खरोखरच दिसावी इतकी दाट, असे करावे. अंडे चालत असेल तर एक उकडलेले अंडे घ्यावे. अख्ख्या हिरव्या मुगाचे पेसरट्टू, म्हणजे आपले धिरडेच, तांदळाच्या दोशापेक्षा पुष्कळ बरे. उपमा करायचाच तर रवा निम्मा आणि घेवडा, गाजर, मटार निम्मे. दूध न्याहारीच्या जोडीला न घेता अकराच्या सुमारास वेगळे घ्यावे, कारण दुधातही साखर असते. कॉफीविषयी एवढेच की ती बिनसाखरेची आणि निम्मी प्यावी. बंगळूरकरांनी एका पेल्याचे दोघांत वाटप करण्याची 'बाय टू' ची जी चाल पाडली आहे ती गर्भिणीसाठी फार सोयीची आहे. लोहाची गोळी मात्र कॉफी-चहाच्या आगेमागे घेऊ नये. ते लोह अंगी लागत नाही.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात ताटाचे मनातल्या मनात चार भाग करावेत. दोन भाग भाज्या व कोशिंबीर, एक भाग डाळ, उसळ, दही, मासे वा अंडे, आणि राहिलेल्या एका भागात भात किंवा पोळी किंवा मुद्दे. भात वाटीने मोजावा, डावाने नव्हे. डावाला अंत नसतो. प्रारंभी एक वाटी शिजलेला भात घेऊन दोन तासांनी साखर पाहावी आणि त्यावरून पुढचे ठरवावे. ज्यांना पोळीची सवय आहे त्यांनी दोन पातळ फुलके आणि अर्धी वाटी भात घेतला तरी चालेल. परंतु दोन पोळ्या झाल्यावर 'भाताशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही' म्हणून पुन्हा वाटीभर भात, ही आपली महाराष्ट्रीय रीत येथे महाग पडते. ताटातील क्रमालाही महत्त्व आहे. आधी भाजी-कोशिंबीर, मग डाळ-उसळ आणि भात अखेरीस, असे खाल्ल्यास साखर सावकाश चढते, असे आढळलेले आहे. कर्नाटकातल्या पानावर आरंभीच वाढली जाणारी कोसंबरी, म्हणजे भिजविलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे आणि लिंबू, ही ह्या दृष्टीने नामी वस्तू. सणाच्या पानावर पायसाचा थेंबही आरंभीच वाढतात हे खरे. तो थेंबच राहू द्यावा.

बंगळूरच्या बाजारात ह्या पथ्याला लागणाऱ्या गोष्टींची वाण नाही. दंटू, मेंथ्या, पालक अशा पालेभाज्यांना येथे 'सोप्पू' म्हणतात आणि डाळीबरोबर शिजवून त्यांचे सारू करतात. पालेभाजी व डाळ उकळून पाण्याचे सारू आणि गाळाची कोरडी भाजी असे एकाच भांड्यातून दोन पदार्थ काढणारे 'बस्सारू' तर आपल्याकडच्या गृहिणींनी मुद्दाम शिकून घ्यावे. हिवाळ्यात अवरेकाळू, म्हणजे वालाच्या जातीचे ओले दाणे, ढिगांनी येतात. त्यांत प्रथिने व चोथा दोन्ही आहेत. हुलगे आहेत, मटकी आहे, मूग आहेत. मोड आलेली कडधान्ये गर्भिणीने कच्ची खाऊ नयेत, वाफवून घ्यावीत, कारण मोड येताना ओलाव्यात जंतूही वाढतात. कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची मोठी जत्रा भरते. मूठभर भाजलेले वा उकडलेले शेंगदाणे हे मधल्या वेळचे चांगले खाणे आहे, फक्त गुळाची जोड देऊ नये.

नाचणीविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण 'साखर असेल तर रागी खा' हा सल्ला बंगळुरात दारोदार मिळतो. नाचणी हे उत्तम धान्य होय. मंड्याच्या कृषिसंशोधन केंद्रात लक्ष्मणय्या ह्यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' जाती काढल्या आणि कर्नाटकाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न वाढविले, ती कथा एका निराळ्या लेखाची आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना असतो आणि तांदळात त्याच्या एक विसांशही नसतो. चोथाही नाचणीत बराच अधिक. गर्भिणीने ती अवश्य खावी. परंतु तिच्यातील पिष्टमय अंश तांदूळ-गव्हाच्या फारसा मागे नाही. मोठ्या मुद्द्यात सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ सहज जाते, आणि तेवढी साखर रक्तात उतरायचीच. बारीक पिठाची पातळ आंबील किंवा गूळ घातलेली खीर तर साखर फारच लवकर चढवते. मुद्दे लहान लिंबाएवढे दोन, त्यांसोबत भाजी-डाळीचे दाट सारू भरपूर, असे खाल्ले तर नाचणीचा गुण पदरात पडतो. तिला औषध समजून कितीही खावे, हे बरोबर नाही.

गुळाचीही तीच कथा. साखर बंद केली आणि गूळ चालू ठेवला, असे कित्येक घरांतून अभिमानाने सांगतात. रक्ताला साखर आणि गूळ ह्यांत भेद दिसत नाही. मधही त्याच पंक्तीतला. कर्नाटकातल्या सारात व भाज्यांत गुळाचा खडा टाकण्याची पद्धत आहे, तो तेवढा वगळावा. कर्नाटक सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या 'मातृपूर्ण' योजनेत अंगणवाडीतून गर्भिणींना गरम जेवण, अंडे, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की देण्याची व्यवस्था केली. योजना स्तुत्य, पण साखर वाढलेल्या भगिनीने जेवण, अंडे व दूध घ्यावे आणि चिक्कीचे काय करावे ते अंगणवाडीताईला विचारून ठरवावे. फळांपैकी पेरू, सफरचंद, संत्रे, जांभूळ एका वेळी एक लहान फळ किंवा वाटीभर, आणि तेही जेवणाबरोबर नव्हे. रस काढून पिऊ नये. हापूस आंब्याचे, ज्याला बंगळुरात 'बादामी' म्हणतात, दोन-तीन काप मधल्या वेळी घेऊन दोन तासांनी आकडा पाहावा. आकडा मानवला तर एप्रिल-मे महिन्यांत जन्माची आस मारण्याचे कारण नाही.

उपवासांच्या बाबतीत आम्ही जरा कडक आहोत. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार ही व्रते गर्भिणीने ह्या काळात करूच नयेत. दिवसभर उपाशी राहणे वाईट आणि चंद्रोदयानंतर साबुदाण्याची खिचडी त्याहून वाईट. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ होय. घरातील वडील मंडळींनी स्वतः पुढाकार घेऊन 'यंदा तुझा उपवास मी करीन' असे म्हटले तर सुनेचा संकोच दूर होतो. डोहाळजेवणाच्या दिवशी मात्र तिला हौस पुरवू द्यावी. ओटी भरावी, गाणी म्हणावीत, आणि पाच गोड पदार्थांपैकी तिच्या आवडीचा एक, दोन घास, जेवणाच्या शेवटी द्यावा. तेवढ्याने काही बिघडत नाही. बायका आग्रह करू लागल्या म्हणजे सासूबाईंनी मध्ये पडावे. सुनेने नको म्हटलेले कोणी ऐकत नाही, सासूबाईंनी म्हटलेले ऐकतात.

प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. लालबाग जवळ असेल तर छानच, नसेल तर गच्ची पुरे. जेवल्यावर स्नायूंना काम मिळाले की ते रक्तातील साखर इन्सुलिनवाचूनही ओढून घेतात, हे ह्यातले मर्म. रक्तस्राव झालेला असेल, वार खाली असेल किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थातच चालू नये.

साखर मोजताना जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तास धरावेत, ताटावरून उठल्यापासून नव्हे. उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत, असे सामान्यतः ध्येय असते. एका वहीत तारीख, काय व किती खाल्ले आणि आकडा असे तीन रकाने पाडावेत. चांगले आकडे दाखविण्यासाठी तपासणीच्या दिवशीच कमी खाणे, ही चलाखी डॉक्टरांना फसवीत नाही, बाळालाही नाही. त्या वहीवरूनच कळते की एकीला इडली सोसते आणि दुसरीला नाही, एकीची रात्र बिघडते आणि दुसरीची सकाळ. रात्रीचे जेवण ते सकाळची न्याहारी ह्यांत फार लांब खंड पडू नये. निजण्यापूर्वी लहान पेला दूध किंवा मूठभर फुटाणे घ्यावेत.

दोन आठवडे हे सारे मनापासून करूनही जेवणानंतरचा आकडा १२० च्या वर राहिला तर औषध लागेल. ते आहारात हयगय झाल्याचे प्रायश्चित्त नव्हे. वार मोठी होत चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आता नवरे मंडळींसाठी चार शब्द. १९२१ साली कॅनडातील टोरँटो येथे इन्सुलिनचा शोध लागला, त्यापूर्वी मधुमेही स्त्रीचे बाळंतपण म्हणजे आई आणि मूल दोघांच्याही जिवाशी खेळ होता. इन्सुलिनची सवय लागत नाही. ते वार ओलांडून बाळाकडे जात नाही. गर्भावस्थेतच उद्भवलेल्या ह्या मधुमेहात बहुतेकींचे इन्सुलिन प्रसूतीनंतर थांबते, कारण अडथळा करणारी वारच बाहेर पडलेली असते. मेटफॉर्मिन नावाच्या गोळ्याही काही स्त्रियांना देतात. त्या वारेतून पलीकडे जातात, म्हणून कोणाला काय द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे. इन्सुलिन चालू असताना हातपाय कापणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाल्यास साखर उतरली असे समजून लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पेलाभर पाण्यातून घ्यावी. साखरेचा डबा घरातून हद्दपार करू नये तो ह्याचसाठी. आणि साखर कितीही असो, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली असे वाटले तर वहीतले आकडे पाहत न बसता रुग्णालय गाठावे.

प्रसूती झाली, आकडा उतरला, इन्सुलिन थांबले, पेढे वाटले गेले. येथेच बहुतेक घरे हा विषय विसरतात. बाळाला पहिल्या तासातच अंगावर पाजावयास घ्यावे. त्याची साखर उतरू न देण्याचा तो पहिला उपाय, आणि आईच्या पुढील प्रकृतीलाही स्तनपान हितकर असते. पण मग बाळंतीण माहेरी जाते आणि डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तुपाची धार सुरू होते. कर्नाटकी घरांतील 'बाणंतन' ह्याहून निराळे नाही. अळीव, डिंक, मेथी ह्यांना आमचा विरोध नाही. लाडवातील गूळ-तूप निम्म्यावर आणावे आणि दिवसाला एक लहान लाडू पुरे समजावा. ज्या स्त्रीला गर्भावस्थेत मधुमेह झाला तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या मानाने सुमारे सातपट किंवा त्याहूनही अधिक असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करावयाची असते. ह्या वेळी ती रात्रभर उपाशी राहून करतात: उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० भरल्यास मधुमेह टिकून आहे, दोन तासांचा आकडा १४० ते १९९ असल्यास तो उंबरठ्यावर आहे, असे समजतात. आकडे निर्दोष आले तरी पुढे दरवर्षी एकदा, आणि दुसऱ्या खेपेला दिवस राहिल्याचे कळताच, रक्त तपासावे.

ही सहाव्या आठवड्याची तपासणी राहून जाते, त्याचे कारण आळस नव्हे. आई बाळाला घेऊन बसलेली असते, डॉक्टर बंगळुरात आणि ती सांगलीला किंवा बेळगावला माहेरी असते, वही सासरच्या कपाटात राहिलेली असते. त्यावर सोपी तोड आहे. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी ह्याच वेळी असते आणि ती चुकविण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. रुग्णालयातून घरी येतानाच गर्भावस्थेतील मधुमेहाची नोंद असलेला कागद बाळाच्या लसीकरणाच्या पत्रिकेला टाचून ठेवावा. लसीच्या दिवशी आईने सकाळी काही न खाता निघावे, न्याहारीचा डबा बरोबर घ्यावा, ग्लुकोज प्यावे, आणि दोन तास तिकडे बसायचे तेव्हा बाळाला धरायला आजीबाईंना सोबत न्यावे.